स्टँडअप, स्प्रिंट, स्क्रम मास्टर... आयटीवाल्यांच्या तोंडी असलेलं 'अजाइल' नेमकं आहे तरी काय?

"आत्ता नको, माझं स्टँडअप आहे. पंधरा मिनिटांनी करते फोन."

घरात किंवा मित्रमंडळींत कुणी आयटीत असेल, तर हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. लॉकडाऊनमध्ये वर्क फ्रॉम होम सुरू झालं आणि हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांतले हे शब्द थेट घराच्या हॉलमध्ये आले. कुणाचा स्प्रिंट संपतोय, कुणाचं रेट्रो आहे, कुणी 'सर्टिफाइड स्क्रम मास्टर' झाल्याची पोस्ट टाकतंय.

हे सगळे शब्द एकाच कामाच्या पद्धतीतले आहेत. तिचं नाव अजाइल, म्हणजे चपळ.

पण आयटीत काम करणाऱ्यांना विचारलं, तर अनेकांच्या मते स्टँडअप म्हणजे रोजची हजेरी आणि स्प्रिंट म्हणजे दर दोन आठवड्यांनी येणारी डेडलाइन. गंमत म्हणजे, ही पद्धत निघाली तेव्हा हेतू याच्या अगदी उलटा होता. वरून होणारी देखरेख कमी व्हावी आणि काम करणाऱ्यांनी काम स्वतः ठरवावं, हा तो हेतू.

मग हे उलटं कसं झालं? ते समजून घ्यायचं तर आधी या टीममध्ये कोण काय करतं आणि का करतं, हे बघावं लागेल.

आधी काम कसं चालायचं?

एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत वापरू. समजा, एका गावातल्या दूध संस्थेला ॲप हवंय. शेतकरी सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतात. दुधाचं फॅट आणि एसएनएफ मोजलं जातं, त्यावरून दर ठरतो आणि दहा दिवसांनी बिल निघतं. हा सगळा हिशेब मोबाईलवर आणायचाय.

जुन्या पद्धतीत आधी तीन महिने सगळ्या गरजा लिहून काढायच्या. मग डिझाइन, मग कोडिंग, मग टेस्टिंग आणि वर्षभराने ॲप संस्थेच्या हातात. एक टप्पा संपला की दुसरा, पाणी पायरीपायरीने खाली पडावं तसं. म्हणून या पद्धतीला 'वॉटरफॉल' म्हणजे धबधबा म्हणतात.

अमेरिकन इंजिनिअर विन्स्टन रॉइस यांच्या १९७० सालच्या एका लेखाला या पद्धतीचं मूळ मानलं जातं. पण त्या लेखात 'वॉटरफॉल' हा शब्दच नाही. उलट, चाचणी अगदी शेवटी ठेवली तर धोका आहे, असा इशारा रॉइस यांनी त्यातच दिला होता. लोकांनी आकृती उचलली, इशारा मागेच राहिला.

अडचण कुठे येते? वर्षभराने ॲप येतं आणि पहिल्याच संध्याकाळी लक्षात येतं की संकलन केंद्रावर नेटवर्कच नसतं. ही गोष्ट पहिल्या महिन्यात कळली असती तर दुरुस्ती सोपी होती. आता अर्धं ॲप पुन्हा लिहावं लागणार.

अजाइलचं मूळ दुखणं हेच आहे: आपण चुकलोय हे कळायला इतका उशीर का लागावा?

१७ जण आणि एक स्की रिसॉर्ट

फेब्रुवारी २००१. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या स्नोबर्ड या स्की रिसॉर्टवर सॉफ्टवेअर क्षेत्रातले १७ जण जमले. केंट बेक, मार्टिन फाउलर, केन श्वाबर, जेफ सदरलँड, वॉर्ड कनिंगहॅम, रॉन जेफ्रीज, डेव्ह थॉमस ही त्यातली काही नावं.

यातल्या अनेकांनी आपापल्या पद्धती आधीच काढल्या होत्या. श्वाबर आणि सदरलँड यांनी १९९५ मध्ये 'स्क्रम' ही पद्धत एका परिषदेत मांडली होती. केंट बेक यांची 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' ही पद्धत क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगाराच्या सॉफ्टवेअरवर काम करताना आकाराला आली होती. तोवर अशा पद्धतींना 'हलक्या' पद्धती म्हणायचे. त्या नावाला वजन नव्हतं, म्हणून नवं नाव निवडलं गेलं: अजाइल.

त्या बैठकीतून एक छोटा जाहीरनामा निघाला. त्याचा गाभा चार मुद्द्यांत सांगता येतो. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद महत्त्वाचा. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर महत्त्वाचं. करारातल्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाला सोबत घेणं महत्त्वाचं. आणि ठरलेल्या आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं महत्त्वाचं.

यात एक गोष्ट अनेकदा सुटते. कागदपत्रं किंवा आराखडा नकोच, असं जाहीरनामा म्हणत नाही. त्यांनाही किंमत आहे, फक्त या चार गोष्टींना जास्त आहे. त्यामुळे "आम्ही अजाइल आहोत, डॉक्युमेंट करत नाही" हे वाक्य ऐकलंत, तर ती पळवाट आहे असं खुशाल समजा.

टीममध्ये कोण कोण असतं?

अजाइल हा विचार आहे, तर तो अमलात आणायची सगळ्यात लोकप्रिय पद्धत म्हणजे स्क्रम. हा शब्द रग्बीतला. जपानी अभ्यासक हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ मध्ये एका लेखात लिहिलं होतं की, नवं उत्पादन बनवणं रिले शर्यतीसारखं नको, रग्बीसारखं हवं. म्हणजे काम एकाने दुसऱ्याकडे सोपवून मोकळं व्हायचं नाही, अख्ख्या टीमने चेंडू घेऊन एकत्र पुढे जायचं.

स्क्रमचे नियम 'स्क्रम गाइड' नावाच्या छोट्या पुस्तिकेत आहेत. तिच्या २०२० च्या आवृत्तीनुसार टीम साधारण १० किंवा त्याहून कमी जणांची असावी आणि त्यात तीनच प्रकारच्या जबाबदाऱ्या असाव्यात.

पहिली, प्रॉडक्ट ओनर. काय बनवायचं आणि आधी काय बनवायचं, हे ही व्यक्ती ठरवते. करायच्या कामांची एक क्रमवार यादी असते, तिला प्रॉडक्ट बॅकलॉग म्हणतात. आपल्या उदाहरणात संस्थेच्या सचिवांना रिपोर्ट हवेत, शेतकऱ्यांना लगेच पावती हवी आणि संचालकांना वार्षिक सभेसाठी आकडे हवेत. सगळं एकदम होणार नाही. आधी पावती, मग बिल, मग रिपोर्ट, हा निर्णय प्रॉडक्ट ओनरचा. ही समिती नसते, एकच व्यक्ती असते. कारण दहा जणांनी क्रम ठरवला की सगळंच 'अर्जंट' होतं.

दुसरी, डेव्हलपर्स. यात फक्त कोड लिहिणारे येत नाहीत. टेस्टर, डिझायनर, डेटाबेसवाले, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे सगळे यात आले. काम कसं करायचं आणि एका वेळी किती घ्यायचं, हे ते ठरवतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी, स्क्रम मास्टर. नावात 'मास्टर' असलं तरी हा बॉस नाही. पद्धत नीट चालतेय ना, हे बघणं आणि टीमच्या वाटेतले अडथळे दूर करायला लावणं, हे त्याचं काम. टेस्टिंगसाठी फॅट मोजायचं मशीन मिळत नाहीये? त्यामागे लागायचं स्क्रम मास्टरने. कुणी मधूनच येऊन टीमला वेगळं काम सांगतंय? त्याला प्रॉडक्ट ओनरकडे पाठवायचं, तेही स्क्रम मास्टरने.

म्हणजे 'काय' एकाकडे, 'कसं आणि किती' दुसऱ्यांकडे आणि 'पद्धत' तिसऱ्याकडे. सत्तेची ही वाटणी मुद्दाम केलेली आहे. या पुस्तिकेत 'प्रोजेक्ट मॅनेजर' नावाची भूमिकाच नाही. प्रत्यक्षात कंपन्यांत मॅनेजर असतात, टीम लीड असतात, बिझनेस ॲनालिस्टही असतात. त्यांना बंदी नाही, पण वरची वाटणी त्यांनी मोडायची नाही, अशी अपेक्षा आहे.

स्प्रिंटमध्ये काय काय होतं?

स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरलेला छोटा कालावधी. तो जास्तीत जास्त एक महिन्याचा. बऱ्याच टीम दोन आठवड्यांचा ठेवतात. प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी दाखवता येईल, वापरता येईल असं काहीतरी तयार हवं.

सुरुवातीला स्प्रिंट प्लॅनिंग. या दोन आठवड्यांत काय साधायचं आणि यादीतली कुठली कामं घ्यायची, हे टीम ठरवते. दूध ॲपचा पहिला स्प्रिंट कदाचित एवढाच असेल: एका केंद्रावर, एका शेतकऱ्याला, दूध घातल्यावर लगेच मोबाईलवर पावती दिसली पाहिजे.

मग रोजचं स्टँडअप. पुस्तिकेतलं त्याचं नाव 'डेली स्क्रम'. वेळ १५ मिनिटं. उभ्याने बोलायची प्रथा पडली, कारण उभा माणूस लांबण लावत नाही. हे डेव्हलपर्सनी डेव्हलपर्ससाठी करायचं असतं. "पावतीचं पान माझं झालंय, पण मशीनमधून आकडे येत नाहीयेत. आज तू माझ्यासोबत बसशील का?" एवढंच. वरिष्ठांना अहवाल देणं हा त्याचा उद्देश नाही.

शेवटी स्प्रिंट रिव्ह्यू. तयार झालेलं काम ज्यांच्यासाठी केलं त्यांना दाखवायचं. इथे आपले सचिव म्हणतात, "पावती झकास आहे हो, पण संध्याकाळी केंद्रावर रेंज नसते. आणि म्हाताऱ्या माणसांकडे साधा फोन आहे." बॅकलॉगचा क्रम तिथल्या तिथे बदलतो. नेटशिवाय चालणारं ॲप आणि छापील पावती वर येते, देखणे ग्राफ खाली जातात. जी चूक वर्षभराने कळली असती, ती दोन आठवड्यांत कळली. अख्ख्या अजाइलमधला सगळ्यात मोलाचा क्षण हाच.

आणि मग रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजेच 'रेट्रो'. यात कामाबद्दल कमी आणि काम करण्याच्या पद्धतीबद्दल जास्त बोलायचं. काय जमलं, काय अडलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. कुणाची चूक शोधायची ही जागा नाही.

कार्ड, पॉइंट आणि जोडीने कोडिंग

या चौकटीत रोज वापरल्या जाणाऱ्या काही पद्धती आहेत. त्यातल्या बऱ्याचशा एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमधून आल्यात.

युजर स्टोरी: काम तांत्रिक भाषेत न लिहिता वापरणाऱ्याच्या बाजूने लिहायचं. "दूध घालणारी शेतकरी म्हणून मला आजचं फॅट आणि रक्कम लगेच कळायला हवी, म्हणजे दहा दिवसांच्या बिलाशी ताळा करता येईल." कोणाला, काय, कशासाठी, हे तीन प्रश्न यात सुटतात.

डेफिनिशन ऑफ डन: 'झालं' म्हणजे काय, हे आधीच ठरवायचं. कोड लिहिला म्हणजे झालं, की तपासला, टेस्ट केला आणि केंद्रावर चालवून बघितला म्हणजे झालं? "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय" हे उत्तर इथे चालत नाही.

स्टोरी पॉइंट: काम किती तासांचं, हे आधी नेमकं सांगता येत नाही. पण हे काम त्या कामाच्या दुप्पट आहे, एवढं सांगता येतं. म्हणून १, २, ३, ५, ८ असे आकडे देतात. आकडा ठरवायला 'प्लॅनिंग पोकर' खेळतात. प्रत्येकाने आपलं कार्ड पालथं ठेवायचं आणि सगळ्यांनी एकाच वेळी उलटायचं. कारण साधं आहे. सरांनी आधी ३ म्हटलं, तर फ्रेशर ८ म्हणायची हिंमत करत नाही. आणि कदाचित त्या फ्रेशरलाच नेमकी अडचण दिसलेली असते.

पेअर प्रोग्रॅमिंग: दोघांनी एकाच स्क्रीनवर बसून कोड लिहायचा. एक टाइप करतो, दुसरा विचार करत चुका टिपतो. नव्या माणसाला शिकवायचा हा उत्तम मार्ग.

आधी टेस्ट, मग कोड: कोडने काय करायला हवं, याची चाचणी आधी लिहायची आणि ती पास होईल असा कोड नंतर. सोबत, प्रत्येकाचा कोड दिवसातून निदान एकदा एकत्र जोडून तपासायचा. शेवटच्या दिवशी सगळ्यांचं काम जोडायला गेलं की काय गोंधळ होतो, हे कॉलेजचा ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

कानबान: हा जपानी शब्द टोयोटाच्या कारखान्यांतून आला. फळ्यावर 'करायचंय', 'चालू आहे', 'झालं' असे रकाने आणि प्रत्येक कामाचं एक कार्ड. खरा नियम मात्र वेगळाच आहे: 'चालू आहे' या रकान्यात ठरावीक संख्येपेक्षा जास्त कार्ड ठेवायची नाहीत. हातातलं संपवा, मग नवं घ्या.

याने खरंच फरक पडतो का?

एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या एफबीआयचं आहे. २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर एफबीआयच्या जुनाट, कागदी कारभारावर मोठी टीका झाली. तपासाच्या फायली कॉम्प्युटरवर आणायचा एक प्रकल्प सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये गुंडाळावा लागला.

मग २००६ मध्ये 'सेंटिनल' नावाचा नवा प्रकल्प सुरू झाला. कंत्राट लॉकहीड मार्टिन कंपनीला मिळालं. काम चार टप्प्यांत होऊन २००९ च्या अखेरीस संपायचं होतं. २०१० च्या मध्यापर्यंत ४५.१ कोटींच्या बजेटपैकी सुमारे ४०.५ कोटी डॉलर खर्च झाले होते आणि चारपैकी दोनच टप्पे हातात आले होते. याच गतीने गेलं तर आणखी किमान ३५.१ कोटी डॉलर आणि ६ वर्षं लागतील, असा अंदाज मायटर या संस्थेने दिला.

एफबीआयने उरलेलं काम स्वतःच्या देखरेखीखाली घेतलं. टीम लहान केली, गरजांची यादी युजर स्टोरीजमध्ये मांडली आणि दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट सुरू केले. हे काम जादूने झालं नाही. सप्टेंबर २०११ ची मुदत हुकली. पण प्रत्येक स्प्रिंटनंतर काय चालतंय आणि काय नाही, हे उघड दिसत होतं. १ जुलै २०१२ रोजी सेंटिनल सुरू झालं. सहा वर्षं लागली नाहीत.

मग बिनसतं कुठे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. रोजची हजेरी झाली कशी?

पहिलं कारण, शब्द बदलले पण सत्ता जिथल्या तिथे राहिली. मॅनेजर स्टँडअपला येतो आणि एकेकाला विचारतो, "काल काय केलं?" उत्तर मग सहकाऱ्याला दिलं जात नाही, साहेबांना दिलं जातं. अडचण सांगणं म्हणजे कबुली देणं होऊन बसतं आणि अडचणी लपायला लागतात. काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय, हे तीन प्रश्न आधी स्क्रम गाइडमध्येच होते. २०२० च्या आवृत्तीतून ते काढून टाकले गेले.

दुसरं, पॉइंटचे मार्क झाले. एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचं काम झालं, याला 'व्हेलॉसिटी' म्हणतात. पुढच्या वेळी किती काम घ्यायचं, हे टीमला कळावं म्हणून ती मोजतात. पण दोन टीमची तुलना सुरू झाली, अप्रेझलमध्ये आकडे आले, की ३ पॉइंटचं काम आपोआप ५ पॉइंटचं होतं. काम तेवढंच, फक्त आकडा फुगतो. स्टोरी पॉइंट कदाचित आपणच शोधले असावेत आणि तसं असेल तर त्याचं वाईट वाटतं, असं जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या रॉन जेफ्रीज यांनीच पुढे लिहिलं.

तिसरं कारण भारतातल्या सर्व्हिस कंपन्यांना जास्त लागू पडतं. खरा ग्राहक अमेरिकेत किंवा युरोपात असतो. पुण्यात बसलेल्या प्रॉडक्ट ओनरला अनेकदा क्रम बदलायचा अधिकारच नसतो, तो निरोप पोहोचवतो. कंत्राटात काम आणि तारीख दोन्ही आधीच लिहिलेली असतात. मग 'किती घ्यायचं' हे डेव्हलपर्सनी ठरवायचं, या नियमाला अर्थ उरत नाही. टाइमझोन जुळवायला स्टँडअप संध्याकाळी होतं आणि दिवस लांबतो.

आणि चौथं, 'स्प्रिंट' या शब्दाने केलेला घोळ. स्प्रिंट म्हणजे जीव तोडून धावणं. पण अजाइलच्या १२ तत्त्वांपैकी एक तत्त्व सांगतं की, टीमला कायम टिकवता येईल अशाच गतीने काम व्हावं. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या मूळ नियमांत तर आठवड्याला ४० तास हा नियमच होता. दर दुसऱ्या आठवड्यात रात्रभर जागून काम संपवणारी टीम अजाइल म्हणवून घेत असेल, तर ती तिच्याच तत्त्वाविरुद्ध चालली आहे.

जाहीरनाम्यावर सही करणारे डेव्ह थॉमस यांनी २०१४ मध्ये 'अजाइल मेलं' अशा मथळ्याचा लेख लिहिला. चपळाई मेली असं त्यांचं म्हणणं नव्हतं. तिचा विकाऊ माल झाला, ही त्यांची तक्रार होती.

तुमची टीम खरंच अजाइल आहे का?

तुम्ही आयटीत असाल किंवा पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला जाणार असाल, तर सर्टिफिकेटपेक्षा हे चार प्रश्न जास्त कामाचे आहेत. इंटरव्ह्यूच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणतात ना, तिथे हे विचारता येतात.

स्प्रिंटमध्ये किती काम घ्यायचं, हे शेवटी कोण ठरवतं? मागच्या रेट्रोनंतर प्रत्यक्ष कुठली एक गोष्ट बदलली? मॅनेजर सुटीवर असताना स्टँडअप होतं का? आणि तयार झालेलं काम खऱ्या वापरणाऱ्याने शेवटचं कधी बघितलं?

उत्तरं द्यायला समोरचा अडखळला, तर तिथे शब्द अजाइलचे आहेत आणि कारभार जुनाच आहे, असं समजायला हरकत नाही. म्हणून नोकरी नाकारायलाच हवी असं नाही, पण आपण कुठे चाललोय हे आधी माहीत असलेलं बरं.

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, दूध संस्थेचे सचिव तेवढे लक्षात ठेवा. "इथे रेंज नसते हो" हे त्यांना वेळेत सांगता यावं आणि ते ऐकून टीमला काम बदलता यावं, यासाठीच हे सगळं आहे.